पात्याखालचा चेहरा

१

सकाळी आठला देखभालीला मावशी येत. दारात चपला काढता काढताच "झोप लागली का आबांना?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता थेट मागच्या खोलीत शिरत. मागच्या खोलीत आबा होते. अकरा महिन्यांपूर्वी झटका आला, त्यात त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला डावा हात, तोही चमचा धरण्यापुरता, आणि डोळे. मावशी त्यांना पुसून काढत, कूस बदलत, भरवत, आणि हे सगळं चालू असताना इमारतीत कोणाचं कोणाशी वाजलं ते तपशीलवार सांगत. आबांनी चाळीस वर्षं प्रार्थनाघर चालवलेलं. वायफळ बोलणं त्यांनी जन्मात खपवून घेतलं नव्हतं. आता पडल्या पडल्या ते रोज दोन तास ऐकत, आणि त्यांच्या मुलीला याची मनातून गंमत वाटे.

मुलगी चित्रकार होती. पन्नाशीला टेकलेली, एकटी, पुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरणारी. बरोबर दहाला ती पुढच्या खोलीत आरशासमोर बसे. तिचं काम स्क्रॅचबोर्डवर चाले. पुठ्ठ्यावर पांढरा लेप असतो, लेपावर काळी शाई. पेन्सिल नाही, रंग नाही. बारीक पात्यानं काळं खरवडायचं, की खालचं पांढरं उघडं पडतं. खोडायची सोय नाही. एकदा खरवडलं ते खरवडलं.

सध्या नऊ चित्रांचं पुस्तक चालू होतं आणि नऊही चित्रं तिच्या स्वतःच्या चेहऱ्याची होती. मी कोण आहे, ज्या पंथात वाढले त्यानं माझ्यातलं काय घडवलं आणि काय मोडलं, हे शब्दांत न सांगता चेहऱ्यात सांगायचं. संपादकांना ही कल्पना फार आवडली होती. आपल्याला अजिबात घाई नाही हे सांगायला ते दर आठवड्याला फोन करत.

त्या पंथात चेहरा काढायचा नसे. माणूस काढा, त्याचे कपडे काढा, बोटांची नखंसुद्धा काढा, पण चेहऱ्याच्या जागी कोरी, गुळगुळीत जागा सोडायची. कोणाचा फोटो ठेवायचा नाही. घरात आरसा लावायचा नाही. आबांची दाढी आई करून द्यायची. का, असं लहानपणी तिनं एकदाच विचारलं होतं. आबा म्हणाले होते, विचारायचं नसतं. आता पुढच्या खोलीत चार फुटी आरसा होता, मागच्या खोलीत आबा होते आणि मध्ये एक दार होतं.

तिसरं चित्र पुरं झालं त्या दिवशी मावशी चहा घेऊन आल्या आणि कप हातातच ठेवून चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"आबांचं तरुणपणचं का हो, ताई? छान उतरलेत."

"माझं आहे, मावशी."

"हो, तुमचंही वाटतं," मावशी समजूत घातल्यासारख्या म्हणाल्या. "पण आबाच आहेत ते. पंचविशीतले असतील."

तिला हसू आलं. बापाचं तोंड घेऊन आली, असं नात्यातल्या बायका तिला जन्मापासून म्हणत आल्या होत्या. चहा संपला, कप विसळून झाला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की मावशी आबांना अकरा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा भेटल्या. आबांचा एकही फोटो कुठे नव्हता. पंचविशीतले आबा मावशींना कसे माहीत असणार? म्हणायला काय जातं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती कामाला लागली.

२

तिच्या डाव्या भुवईतून एक पांढरी रेघ जाते. कपाळातून निघून भुवई तोडते आणि पापणीच्या जरा वर थांबते. कोणी विचारलं की ती म्हणे, लहानपणी पायरीवरून पडले. घरातल्या सगळ्यांनी हेच सांगायचं असं ठरलं होतं आणि ती स्वतःही इतकी वर्षं तेच सांगत आली होती.

ती पडली नव्हती. नऊ वर्षांची असताना चमच्याच्या पाठीत बघून तिनं प्रार्थनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोळशानं आपला चेहरा काढला. वाकडाच आला होता, चमच्यात दिसतो तसा, पण तिला तो फार आवडला. आबांना तो सापडला. त्यांनी तिला प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर उभं केलं, हातात पातं दिलं आणि चेहरा खरवडून टाक म्हणाले. ती हलेना. तेव्हा तिचा हात आपल्या मुठीत धरून त्यांनी तो खरवडला, पान फाटेपर्यंत. मग त्यांनी तिचा हात सोडला. पातं मात्र सोडलं नाही. समोर पन्नास माणसं खाली माना घालून बसली होती आणि त्यांत तिची आईही होती.

आई गेली. ती पन्नास माणसंही पांगली, मेली, विसरली. खरं काय ते माहीत असलेली आता दोनच माणसं उरली होती. तिला आबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, बाकी काही नको होतं. माफी तर नकोच होती. तू पडली नव्हतीस, एवढंच त्यांनी म्हणावं. ते विचारायला म्हणून तिनं त्यांच्याकडे जाण्याचं ठरवलं, बॅग भरली, आणि त्याच आठवड्यात आबांना झटका आला. तरी तिनं त्यांना घरी आणलं. किती गुणाची मुलगी, असं लोक म्हणाले. आपण त्यांना कशासाठी आणलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या चित्रात तिनं गालावर तीन लांब ओरखडे ओढले. आरशात बघून आपल्या डाव्या गालावर, डोळ्याखालून हनुवटीकडे, एकाला एक लागून. पातं नवं होतं आणि लेप भुसभुशीत. कर्र कर्र आवाज करत रेघा निघाल्या. मनासारखं काम झालं म्हणून दुपारी ती जरा पडली.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मागच्या खोलीतून हाक मारली. आबांच्या उजव्या गालावर तीन ओरखडे होते. डोळ्याखालून हनुवटीकडे. रक्त सुकून काळं पडलं होतं.

"नखं वाढलीत," मावशी म्हणाल्या. "माझंच चुकलं, रविवारी कापायची राहिली."

तिला कालचं चित्र आठवलं खरं, पण ती विचार करणारी बाई होती. आबांचा डावा हात चालतो. डाव्या हाताला उजवा गालच जवळ पडतो. झोपेत खाजवलं असेल. शिवाय आपण ओरखडे काढले ते डाव्या गालावर आणि हे आले उजव्या गालावर. म्हणजे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हा हिशोब तिला इतका पटला की मावशी नखं कापेपर्यंत ती तिथेच उभी राहून हसली वगैरे.

कापलेली नखं मावशींनी कागदात गोळा केली. ती पांढरी स्वच्छ होती. त्यांच्यात रक्त नव्हतं.

३

पाचवं चित्र तोंडाचं होतं. लहानपणी पहाटे उठून प्रार्थना पाठ म्हणायची, एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ओठ फुटेपर्यंत म्हटलेल्या त्या ओळी तिला चित्रात हव्या होत्या. तिनं ओठांवर आडव्या उभ्या रेघांचा नुसता मारा केला. वरचा ओठ कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो ते कळेना, तेव्हा ती थांबली. संपादकांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"मॅडम, मी जेवत होतो. जेवण सोडून दिलं."

"वाईट झालंय का?"

"अहो, कौतुक करतोय. असंच चालू द्या. हात आखडता घेऊ नका."

फोन ठेवला तर मावशी दारात उभ्या. त्यांच्या हातात चमचा होता आणि चमचा लाल झाला होता.

आबांचे दोन्ही ओठ फाटले होते. सरळ फाटले असते तर एक वेळ समजलं असतं. हे आडवे उभे, जाळीसारखे फाटले होते. आबा त्यातूनही आवाज करायचा प्रयत्न करत होते आणि प्रत्येक आवाजाबरोबर हनुवटीवर रक्त उतरत होतं. तिनं टॉवेल धरला. ती त्यांच्या तोंडावर वाकली होती, आबांचे डोळे मात्र तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे लागलेले. ते आयुष्यभर सगळ्यांशी असेच वागले होते. चेहऱ्याकडे बघून बोलायचं नाही, हाही पंथाचाच एक नियम होता.

डॉक्टर आले, टॉर्च मारून बघितलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, म्हणाले. त्वचा या वयात कागदासारखी होते, ओठ कोरडे पडून तडकतात, झोपेत दातही लागतात. मलम दिलं. दात कुठले लागणार, आबांची कवळी अकरा महिने पेल्यात पडून होती. हे तिलाही आठवलं आणि मावशींनाही. दोघी एकमेकींकडे बघायचं टाळून डॉक्टरांना दारापर्यंत सोडायला गेल्या.

मग तिनं चौथं चित्र समोरच्या खुर्चीवर टेकवून ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली. कधी नव्हे ते आरशाकडे न बघता नुसत्या चित्राकडे बघितलं. आणि इतकी वर्षं हे काम करणाऱ्या बाईकडून जी चूक व्हायला नको ती आपल्याकडून झाली हे तिला दिसलं. आरशात बघून आपण आपल्या डाव्या गालावर रेघ मारतो, चित्रात ती आपल्या डाव्या हाताला येते. पण चित्र म्हणजे आरसा नव्हे. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. आपल्या डाव्या हाताला येतो तो त्याचा उजवा गाल.

खुर्चीवरचा माणूस तिच्याकडे तोंड करून बसला होता. तीन ओरखडे त्याच्या उजव्या गालावर होते.

४

तिनं पडताळून बघायचं ठरवलं. ठरवताना स्वतःला बरंच बोलूनही घेतलं. शिकलेली बाई, काय हा बावळटपणा, वगैरे. मावशी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या. तिनं पाचवं चित्र घेतलं आणि पात्याच्या टोकानं त्यातल्या कानाच्या पाळीवर एक टिंब टोचलं. बारीक, सुईनं टोचावं एवढं. पातं खाली ठेवलं आणि चालत मागच्या खोलीत गेली. अकरा पावलं होती.

आबा जागे होते. तिनं त्यांचं डोकं हलकेच वळवून कान बघितला. काही नव्हतं. पातळ, सुरकुतलेली, कोरडी पाळी. तिला इतकं हलकं वाटलं की ती पलंगाच्या कडेला बसलीच. त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. किती वर्षांनी फिरवला ते तिलाही सांगता आलं नसतं. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर कोणी तरी गादी झोडपत होतं, सगळं नेहमीचं होतं.

मग पाळीवर एक लाल ठिपका उगवला. तिच्या डोळ्यांसमोर उगवला, मोठा झाला, ओघळला आणि उशीवर टपकला. तिथे कोणी हात लावला नव्हता. आबांचा डावा हात चादरीवर होता आणि तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर.

ती धावत बाहेर आली. घाईघाईनं शाईत कुंचला बुडवून तिनं चित्रावरचं टिंब बुजवलं. काळ्यावर काळं चढलं, टिंब दिसेनासं झालं. रक्त थांबलं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी मावशी अंग पुसताना कुरकुरू लागल्या की आबांच्या कानाला काही तरी काळं लागलंय आणि ते निघत नाही. त्यांनी साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. ते वर लागलेलं नव्हतं. आतपर्यंत काळं होतं.

तिनं पाचही चित्रं कापडात गुंडाळून कपाटात टाकली, कुलूप लावलं आणि संपादकांना फोन केला.

"मला हे पुस्तक जमणार नाही."

"अहो, अर्ध्यावर आलंय. थकला असाल. आठ दिवस दुसरं काही तरी करा."

तिनं शाळेच्या पुस्तकासाठी प्राणी काढले. हत्ती, कासव, दोन प्रकारचे बगळे. पंधरा दिवस मागच्या खोलीत काही झालं नाही. ओठ भरून आले, गालावरच्या खपल्या पडल्या. मावशी पुन्हा इमारतीतल्या भानगडी सांगू लागल्या. हे सगळं असंच चाललं असतं तर बरं झालं असतं, पण तिच्या डोक्यात एक विचार शिरला होता आणि तो काही केल्या बाहेर पडेना. आजवर आबांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. रडणं पोचलं नाही, घर सोडून जाणं पोचलं नाही. आता पोचत होतं.

५

एक दिवस मावशी औषधं आणायला बाहेर गेल्या तेव्हा ती खुर्ची ओढून आबांजवळ बसली.

"आबा, एकच विचारते. मग आयुष्यात परत विचारणार नाही."

आबा भिंतीकडे बघत होते.

"मी पडले नव्हते ना? बोलू नका, नुसतं बोट उचला. डाव्या हाताचं. इथे कोणी नाहीये, तुम्ही आणि मीच आहोत."

तिनं त्यांच्या हाताकडे बघितलं. हात चादरीवर होता. बोटं हलली. मग तो हात सावकाश उलटा झाला, सरकत सरकत चादरीच्या कडेला गेला आणि चादरीखाली शिरला. आबांनी डोळे मिटून घेतले.

त्यांना ऐकू आलं होतं, समजलं होतं, आणि त्यांनी उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिच्या अंगाचा असा भडका उडाला की खुर्ची कधी पडली ते तिला कळलं नाही. तिनं पुढच्या खोलीत जाऊन नवा बोर्ड काढला. आरशासमोर बसली. चेहरा काढायला तिला वीस मिनिटंही लागली नाहीत. एरवी चार दिवस लागत. डोळे, नाक, कपाळ, सगळं पात्याखालून भराभर वर आलं, जणू आत तयारच होतं.

मग तिनं पातं मुठीत धरलं.

पहिला घाव कपाळावर घातला. मागच्या खोलीत पलंगाचा लोखंडी कठडा भिंतीवर आपटला. ती थांबली नाही. दुसरा, तिसरा, गालावर, नाकावर, मानेवर. "बोला," ती म्हणत होती. "आता बोला. आता विचारतेय मी." कठडा आपटत होता, ठक, ठक, ठक, आणि त्यामधून घशातला एक ओला आवाज येत होता. लेपाची पांढरी पूड तिच्या हातांवर, मांडीवर, दातांत गेली. पातं बोर्डाच्या आरपार जाऊन खालच्या लाकडात रुतलं, तिनं ते उपटून परत मारलं. तिला बरं वाटत होतं. हे लपवण्यात काही अर्थ नाही, तिला फार बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

कठडा थांबला तेव्हा ती थांबली.

दाराची किल्ली फिरली. मावशी आत आल्या, तिच्याकडे एकदा बघून मागे गेल्या. मग नळ सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या. हातात टॉवेल होते, तीन, आणि एकाचाही मूळ रंग दिसत नव्हता.

"आहेत," मावशी म्हणाल्या. "जिवंत आहेत. पट्ट्या बांधल्यात." मग त्या खाली बसल्या, जमिनीवरच. "ताई, खरं सांगा. मी बाहेर गेले की तुम्ही आत जाता का?"

"बोलायला गेले होते. मग इथेच होते मी. जागची हलले नाही."

"आबांच्या उशीवर अंगठा उमटलाय. काळा. ओला होता."

तिनं आपल्या हातांकडे बघितलं. हातांना पूड होती आणि पुडीखाली शाई. पण रोजच असते. ती हलली नव्हती. आपण हललो नाही हे तिला पक्कं माहीत होतं, पातं, बोर्ड, कठड्याचा आवाज, सगळं क्रमानं आठवत होतं. फक्त आवाज इतक्या जवळून का आठवतो हे तिला कळेना.

"मी तुम्हाला वाईट म्हणत नाही," मावशी उठत म्हणाल्या. "माझाही बाप असाच होता. पण डॉक्टर आज गावाला गेलेत, उद्या अकराला मी त्यांना घेऊन येतेय. ते आबांना हलवतील. तुम्ही आडवं यायचं नाही."

"नाही येणार."

"आजची रात्र मी त्यांच्याजवळ बसते. मधलं दार आतून लावून घेते."

६

सकाळी मावशी डॉक्टरांकडे गेल्या. दरवाजा ओढून घेण्याआधी त्यांनी आपण येईपर्यंत मागच्या खोलीत जायचं नाही असं तिला बजावलं. दहा वाजले. रोजची कामाची वेळ.

अकराला आबा जातील आणि मग कुठल्या तरी पांढऱ्या खोलीत अनोळखी माणसांमध्ये मरतील. तिला जे ऐकायचं होतं ते त्यांच्याबरोबर जाईल. मग ती जन्मभर पायरीवरून पडलेली मुलगी राहील. तिच्याकडे एक तास होता.

तिनं सातवा बोर्ड घेतला, कोरा, काळा. एक पातं घेतलं. आरसा जिथे होता तिथेच ठेवला.

आबांच्या चेहऱ्यावर पट्ट्याच पट्ट्या होत्या. एक डोळा झाकलेला, एक उघडा. तिनं त्यांच्या पाठीमागे उशा लावून त्यांना बसतं केलं, जेवायचं छोटं टेबल मांडीवर ठेवलं, त्यावर बोर्ड ठेवला. हे करताना ती अगदी हळू हात लावत होती. कालचा राग कुठे गेला होता कोणास ठाऊक. तिला भीती वाटत होती, आणि त्यांची दयाही येत होती, आणि तरी ती हे करत होती.

"तुम्हाला बोलता येत नाही," ती म्हणाली. "मग काढून दाखवा."

तिनं पातं त्यांच्या डाव्या हातात दिलं.

ते पडेल असं तिला वाटलं होतं. चमचा धरतानासुद्धा त्या हाताला कंप सुटत असे. पण बोटं पात्याभोवती मिटली, अंगठा एका बाजूनं, मधलं बोट दुसऱ्या बाजूनं, पहिलं बोट वरून टेकवलेलं. बरोबर धरलं होतं. हे धरायला तिला शिक्षकांकडून वर्षभर शिकावं लागलं होतं.

मग आबांनी मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, डोक्यावरून नाही. एकच डोळा होता, तो तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबला आणि हलला नाही. पन्नास वर्षांत त्यांनी तिचा चेहरा बघितला नव्हता. निदान असा, कडेकडेनं, कुठे काय आहे ते मोजत, कधीच नाही. तिचे डोळे भरून आले. आपण किती दिवस याची वाट बघत होतो हे तिला तेव्हा कळलं.

पातं बोर्डावर टेकलं. कर्र.

डाव्या भुवईवर काही तरी गार फिरलं. गार, आणि लगेच गरम. तिनं हात वर नेला नाही. रेघ कपाळातून निघाली, भुवई तोडली, पापणीच्या जरा वर थांबली. जुन्या रेघेच्या अगदी वरून, केसभरही इकडे तिकडे नाही. रेघ कुठून सुरू झाली होती, कुठे संपली होती, कुठे दाबली गेली होती, सगळं आबांना आठवत होतं. इतक्या वर्षांत त्यातलं काहीच ते विसरले नव्हते.

"हो," ती म्हणाली. डोळ्यात रक्त उतरत होतं, त्यातून तिला आबा लाल दिसत होते. "हो, आबा. तेच विचारत होते मी. एवढंच."

तिला उत्तर मिळालं होतं. आता पातं काढून घ्यायचं, पट्टी शोधायची, दार उघडायचं. तिनं हात पुढे केला.

आबांचा हात थांबला नव्हता. तो बोर्डावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सराईतपणे चालला होता, आणि उघडा डोळा बोर्डाकडे एकदाही वळत नव्हता. तो तिच्याकडेच होता. गालावर एक लांब रेघ उघडली. मग नाकाच्या कडेनं. मग ओठ, आधी वरचा, मग खालचा, आणि तोंडात खारट पाणी आलं. बोर्डावर काय उमटतंय ते तिला तिच्या बाजूनं दिसत नव्हतं. फक्त पांढरं वाढत चाललेलं दिसत होतं.

बाहेर जिन्यात पावलं वाजली. मावशींचा आवाज आला, डॉक्टरांना पायऱ्या जपून चढायला सांगणारा. मग किल्ली कुलपात शिरली. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. नुसतं उठून मागे सरकली असती तरी चाललं असतं.

पातं हनुवटीखाली आलं. तिची बोटं आबांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर होती. आबांचे फाटलेले ओठ विलग झाले, आणि अकरा महिन्यांनी पहिल्यांदा शब्द फुटला. तो आवाज स्पष्ट होता, आणि मायेचा होता.

"हलू नकोस," आबा म्हणाले.

तिनं हात मांडीवर ठेवला, मान जराशी वर केली आणि स्थिर बसून राहिली.